मेजरच्या मरणाला कोण कोण आलं

फौजेतून परत आलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, आमच्याकडे तो मेजर होतो. ही बढती चहाच्या टपरीवर मिळते आणि मरेपर्यंत कोणी काढून घेत नाही.

पुसदला आमचं एक मंडळ आहे. मंडळ आपलं म्हणायचं एवढंच. सकाळी फिरायला निघायचं आणि फिरण्यापेक्षा जास्त वेळ टपरीच्या बाकावर काढायचा, अशी आम्ही रिटायर माणसं. अध्यक्ष आहेत एक कापडवाले. त्यांना प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या आधी करायची घाई असते. एक गॅरेजवाले भाई आहेत, त्यांच्याकडे टप काढलेली जुनी जीप आहे. मी बसस्टँडवर कंट्रोलर होतो. जन्मभर माईकवरून गाड्या पुकारल्या, म्हणून मंडळाचा माईकही माझ्याच हातात आला. मोठा आवाज आणि तापट डोकं मी नोकरीत कमावलं, असं बायको म्हणते. डोक्याच्या बाबतीत ती चुकते, ते जन्मापासूनचं आहे.

मंडळाच्या हातून वर्षाकाठी एकच चांगलं काम होतं. सव्वीस जानेवारीला लढाईवर गेलेल्या तालुक्यातल्या एखाद्या माणसाचा सत्कार. आमचा नियम असा की सत्कारमूर्तीला 'स्टेजवर या' असं सांगायचं नाही, घरून आणायचं. आपण फेटे बांधायचे, बँड पुढे लावायचा, त्यांना जीपमध्ये उभं करायचं आणि बाजारातून मिरवत शाळेच्या मैदानावर न्यायचं. ज्यानं जन्मभर रेशनच्या रांगेत उभं राहून धान्य आणलं, त्याच्याकडे एक दिवस तरी लोकांनी मान वर करून पाहावं, एवढाच हेतू.

तांड्यावरचे मेजर मात्र येत नसत. पुसदपासून थोडं दूर, डोंगराच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथं त्यांची थोडी कोरडवाहू शेती. एकाहत्तरच्या लढाईत ते पुढच्या तुकडीत होते, दोन मेडलं मिळालेली. दरवर्षी आम्ही त्यांच्याकडे जायचो, दरवर्षी ते आम्हाला चहा पाजायचे आणि जसे आलो तसे परत पाठवायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तांड्याला लागून जे गाव आहे, तिथला एक जण त्यांच्याबरोबरच भरती झाला होता. दोघं एकाच पलटणीत, एकाच चढाईत. तिथं सुरुंगावर पाय पडला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून तुटला. नकली पाय लावून, काठी टेकत तो गावी आला आणि सांगायला लागला, की तांड्यावरचा मला चिखलात टाकून पळाला. मेजर यावर एका शब्दानं बोलले नाहीत. मग काय, गावाला गोष्ट आवडली. जीभ उचलून टाळूला लावायला कोणाला कष्ट पडतात? मेजरला पाठीमागे सगळे पळपुट्या म्हणू लागले. त्यांच्या मुलीला शाळेत तोंडावर म्हणायचे, 'पळपुट्याची पोट्टी.'

मी एकदा चिडून विचारलं, "इतकी वर्षं ऐकून घेतलं तुमी. काय झालतं ते सांगत काहून नाही?"

"मी सांगून काय फायदा?" ते म्हणाले. "आपलीच बाजू सांगून राह्यला म्हणतीन लोक. त्याच्या तोंडातून निघालं पायजे. निघालं का येतो तुमच्या जीपमंधी."

मंडळ त्या पाय गेलेल्या काठीवाल्यांकडेही जाऊन आलं होतं. दोघांचा सत्कार एकाच स्टेजवर करू, असा अध्यक्षांचा बेत. काठीवाले त्या स्फोटापासून ठार बहिरे. अध्यक्षांनी त्यांच्या कानाला तोंड लावून घसा फोडला तेव्हा कुठे त्यांना कळलं. कळल्यावर त्यांनी काठी आपटली. "त्या पळपुट्याच्या बाजूले बसू मी? निघा!" आम्ही निघालो.

आणि या खेपेला मेजरचा निरोप आला, 'येतो.' आम्हाला खरंच वाटेना. मी मुद्दाम विचारून आलो. झालं होतं असं, की त्यांची मुलगी आदिलाबादकडे दिलेली. सासरची दुखणी आणि शेती यांत अडकलेली ती कित्येक वर्षांत माहेरी आली नव्हती. तिनं फोनवर बापाला सांगितलं, "बापू, तुमी त्या माणसाच्या एका शब्दासाठी थांबले, अन मी तुमच्यासाठी थांबली. मले तुमाले जीपमंधी उभं पाहाचं आहे." बापानं लेकीसाठी अट सोडली. मी टपरीवर हे सांगितलं तेव्हा भाईंनी सगळ्यांचा चहा स्वतःकडून दिला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून आम्ही निघालो. डोक्यावर फेटे, पुढे बँडवाल्यांचा टेम्पो, मागे हारांनी सजवलेली जीप. तांड्याच्या अलीकडे पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवला होता, म्हणून सगळे तिथंच उतरलो. बँडवाले वाजवायला सुरुवात करणार, तेवढ्यात तांड्यातून बायकांचं रडणं ऐकू आलं.

हे मुसमुसणं नव्हतं. एक बाई उंच सुरात काहीतरी म्हणत हंबरडा फोडत होती, श्वास घ्यायला थांबत होती, आणि बाकीच्या बायका तिच्या सुरात सूर मिळवत होत्या. असं रडणं आम्ही आयुष्यात एकाच प्रसंगी ऐकलं होतं.

अध्यक्षांनी डोक्यावरचा फेटा काढला. "गेले," ते म्हणाले.

आम्हीही फेटे काढले. बँडमास्तरनं क्लॅरिनेट काखेत मारलं. मला एकदम रडू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. कोणावर ते कळेना. देवावर असावा. इतकी वर्षं अडून बसलेला माणूस लेकीसाठी एकदाचा हो म्हणतो आणि नेमका त्याच दिवशी उचलला जातो, हा काय न्याय झाला? मी तिथंच मातीच्या ढिगाऱ्यावर बसलो.

मरणाच्या घरी बँड घेऊन जाता येत नाही. अध्यक्षांनी बँडचा टेम्पो परत धाडला. मैदानावर फोन करून सत्कार रद्द केला आणि जमलेल्या लोकांना दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. मग मोबाइल काढून सगळ्या ग्रुपवर टाकून दिलं, की आपल्या तालुक्याचे वीर मेजर यांचं दुःखद निधन झालं. भाई एकटे म्हणत होते, "अरे भाई, पहले अंदर जाके देखो तो सही." पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. अध्यक्षांचं बोट थांबेपर्यंत बातमी पार यवतमाळला पोचली होती.

माना खाली घालून आम्ही तांड्यात शिरलो. मेजरच्या घरासमोर बायकांचा घोळका होता. त्यांनी आम्हाला वाट करून दिली. अंगणात बाज टाकलेली. बाजेवर इस्त्रीचा कोट, कोटावर मेडलं, गुळगुळीत दाढी केलेला चेहरा, आणि त्या माणसाच्या गळ्यात पडून त्याची मुलगी रडते आहे. तो माणूस बसून आमच्याकडे पाहत होता.

मी दोन पावलं मागे सरलो. खरं सांगतो, मी भ्यालो.

"काहून?" मेजर म्हणाले. "फेटे काहून काढले? अन बँड कुठं गेला?"

बंजारा बायकांची रीत आहे. लांब दिलेली लेक बऱ्याच काळानं माहेरी आली, की आधी हसणं-बोलणं नाही. गळ्यात पडायचं आणि सुरात रडायचं. मधल्या काळात काय सोसलं, कोण गेलं, कोणाची आठवण आली, ते सगळं त्या रडण्यात सांगायचं. मग डोळे पुसायचे आणि चूल पेटवायची. मुलगी नुकतीच गाडीतून उतरली होती. आम्ही सगळे याच तालुक्यात म्हातारे झालो. या तांड्याच्या बाजूनं जाणाऱ्या गाड्या मी जन्मभर सोडल्या. आणि भेटीचं रडणं कसं असतं एवढं आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही ते ऐकून जिवंत माणसाला मारून मोकळे झालो होतो.

मी अध्यक्षांना तिथल्या तिथं जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते बिचारे मोबाइलवर पाठवलेलं पुसत बसले. पण त्यांचं पुसून होईपर्यंत मेजरच्या फोटोला हार, दिवा आणि उडणारी कबुतरं लागून तो त्यांच्याच मोबाइलवर परत आला होता.

मेजर मात्र पोट धरून हसले. "मी मेलो? बरं झालं. आता बसतो इथीच. पाहू कोण कोण येते!"

येणाऱ्यांना रस्त्यातच सांगून परत फिरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण आवाज माझा. मी त्या खोदलेल्या जागी जाऊन उभा राहिलो. मोटरसायकलीवर लोक येऊ लागले. जिवंत आहेत म्हटलं की कोणी हसायचं, कोणी कपाळावर हात मारायचं. एक दुकानदार तर दुकान बंद करून आला म्हणून माझ्यावरच डाफरला.

मग एक ऑटो थांबला आणि त्यातून आधी काठी बाहेर आली.

आमच्याकडे म्हणतात, एक वेळ तोरणाला जाऊ नये पण मरणाला जावं. कितीही हाडवैर असो, माती द्यायला माणूस जातो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी काठीवाले येतील असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते उतरले, हातात झेंडूचा हार, डोळे लाल. "माह्या आधी गेला रे!" ते मोठ्यानं म्हणाले.

मी आडवा झालो. "बाबाजी, जित्ते आहेत ते! जित्ते!" भर बाजाराच्या दिवशी बसस्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाणारा माझा आवाज, त्यांच्या कानाशी जाऊन पडला. मी सांत्वन करतो आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी माझा खांदा थोपटला, मला बाजूला केलं आणि चालू लागले. मी मागून ओरडतो आहे आणि ते पुढे चालले आहेत.

बहिऱ्या माणसाचं स्वतःशी बोलणंसुद्धा चार घरं ऐकतात. अंगणात येऊन ते थांबले. मान खाली, दोन्ही हात काठीवर.

"ऐका," ते म्हणाले. "तो गेला, आता काय लपवू? यानं मले टाकलं नाही. हा मले उचलून राह्यलता. मीच म्हणलो, जाय. हुकूम पुढं जायाचा होता. हा जाईना, त चांगल्या पायानं याच्या छातीत लाथ घातली मी. जाय म्हणलं, मांगं पाहू नको. रडत रडत गेला हा."

मुलगी बापाच्या बाजूला उभी होती, तिनं पदर तोंडावर दाबला.

"गावात आलो त लोक याले हार घाले, अन माह्याकडे पाहून च्च च्च करे. मले नाही सहन झालं. एकदा बोलून गेलो. मंग वापस घ्याले जीभच वळली नाही."

इतक्या वर्षांचं ते ओझं त्या म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर खाली ठेवलं होतं. मेजर बाजेवर जसे होते तसेच बसलेले.

मग काठीवाल्यांनी हार घालण्यासाठी मान वर केली. समोर मढं नव्हतं. मेडलं लावून, डोळे उघडे ठेवून मेजर त्यांच्याकडे पाहत होते. काठीवाल्यांच्या हातून काठी पडली. माणसाचं तोंड इतकं पांढरं झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"जित्ता हायेस?"

मेजरनी मान हलवली.

मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. कोणालाही तसंच वाटलं असतं. पण काठीवाल्यांनी आधी मेजरकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला. "डाव केला तुमी!" ते ओरडले. "मले फसवून आणलं! मी काई बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातून दुखात काईबी निघते. पह्यले बोललो तेच खरं आहे!"

मला आधी कळेचना की हा माणूस काय बोलतो आहे. आत्ता ठेवलेला शब्द, ओठांवरची थुंकी वाळायच्या आत, परत उचलला! माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या अंगावर जाणारच होतो, तेवढ्यात मेजर उठले. त्यांनी मला हातानं बाजूला केलं, खाली पडलेली काठी उचलून काठीवाल्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "तू काई बोलला नाही! चाय पिऊन जाय!"

"बापू!" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

मेजर तिला त्यांच्या बोलीत हळूच काहीतरी म्हणाले. मला ते समजलं नाही. ती आत गेली, तिनं चहा केला आणि आणून दिला. काठीवाल्यांनी उभ्याउभ्याच चहा प्यायला, हार बाजेवर ठेवला आणि कोणाकडे न पाहता ऑटोत जाऊन बसले.

त्यानंतर आम्ही बँड परत बोलावला आणि मेजरना जीपमध्ये उभं केलं. ज्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली होती ती माणसं आ वासून पाहत होती. मुलगी जीपच्या मागे चालत होती, एकदाही बसली नाही. स्टेजवर मी माईक हातात घेतला तेव्हा माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. अंगणात जे ऐकलं ते आज साऱ्या पुसदला सांगायचं, मी ठरवूनच टाकलं होतं. मेजरनी माझी बाही ओढली.

"ते सांगाचं नाही, साहेब."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. जे ऐकायला हा माणूस उभा जन्म थांबला, ते दाबायला सांगतो? पण सत्कार त्यांचा होता. मी शाल-श्रीफळ पुकारलं आणि खाली बसलो. घरी जाऊन बायकोवर उगीच चिडलो.

पोळ्याच्या सुमारास काठीवाले वारले. या वेळी अध्यक्षांनी दोनदा खात्री करून घेतली. त्यांच्या गावच्या समाजमंदिरात शोकसभा झाली. समोर सतरंजीवर त्यांचे मुलगे आणि नातू बसलेले, मागे गाव. मंडळ गेलं, भाईंच्या जीपमधून मेजरही आले. माईक माझ्याकडे होता. मी आटोपतं घेत होतो, तेवढ्यात मेजर आपणहून उठले आणि माईकसाठी हात पुढे केला.

मला आतून बरं वाटलं. आता सांगतील. काठीवाले गेले, आता कोणाची भीड? अंगणात ऐकणारे आम्ही सगळे साक्षीला होतोच. कोणी शंका काढली असती तर मी पुढे झालो असतो.

"हा जे सांगे ते खरं होतं," मेजर म्हणाले. "मी याले चिखलात टाकून गेलतो. आज सगळ्याइसमोर कबूल करतो. मले माफ करा."

ते बसले. अध्यक्ष माझ्याकडे पाहायला लागले, मी भाईंकडे. आम्हाला तिघांनाही खरं ठाऊक होतं आणि तिघांच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "अखेर निघालं तोंडातून." काठीवाल्यांचा धाकटा नातू उठला आणि मेजरच्या पाया पडला. मेजरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

परत आम्ही त्याच जीपमधून निघालो. तांड्याच्या वाटेला लागलो तेव्हा मला राहवलं नाही. "खोटं काहून बोलले तुमी?" मी जवळजवळ ओरडलोच.

"त्याचे नातू बसले होते समोर," मेजर म्हणाले. "त्याइचा आजा खोटा निघाला असता."

"अन तुमी? लोक आता मरेपर्यंत पळपुट्या म्हणतीन तुमाले. तुमच्या लेकीच्या कानावर जाईन हे. तिले काय वाटन?"

भाईंनी जीप थांबवली. मेजर सावकाश उतरले, कोटाची बटणं नीट केली.

"तिनं ऐकलं न त्या दिवशी, अंगणात, तिच्या कानानं," ते म्हणाले. "मले तिच्यासाठीच त पायजे होतं."